खिशासाठी विणलेला ड्रॅगन

मित्रांनो, मी एक जुना ड्रॅगन आहे. जुना म्हणजे दोन वर्षांचा, पण खेळण्याने जेवढं बघू नये तेवढं मी या दोन वर्षांत बघितलं आहे. माझी उंची चार बोटं, रंग कच्च्या कैरीचा, पाठीवर अकरा काटे. मला आग ओकता येत नाही. कुठल्या गुहेत वगैरे माझा जन्म झाला नाही. नीलाआत्याने मला क्रोशाच्या सुईने विणलं.

नीलाआत्या दिल्लीत सरकारी कचेरीत नोकरी करते आणि लक्ष्मीबाई नगरात राहते. थंडीत तिच्या कचेरीतल्या बायका जेवणाच्या सुट्टीत हिरवळीवर उन्हाला पाठ करून बसतात आणि विणकाम काढतात. मी तिथेच घडलो. तिने लोकर मुद्दाम घेतली नाही, कारण लोकरीचे बारीक तंतू सुटतात आणि ज्याच्यासाठी मी होतो त्याच्या छातीला ते सोसले नसते. सुती धागा घेतला, तोही दोनदा धुऊन. एखादा टाका सैल पडला की ती अख्खी ओळ उसवायची. माझं डोकं तर तीन वेळा उसवलं. शेजारी स्वेटर विणत बसलेल्या बाईंना नवल वाटलं. त्या म्हणाल्या, "इतना छोटा सा तो है, कौन देखेगा?"

"देखना नहीं है, पकड़ना है," नीलाआत्या म्हणाली.

मी होतो सुयशसाठी. सुयश म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा, पुष्करचा मुलगा, नऊ वर्षांचा. घर नोएडात, सोळाव्या मजल्यावर. सुयशला दमा होता. हवा बिघडली की त्याला धाप लागायची, धाप लागली की तो घाबरायचा आणि घाबरला की धाप आणखी वाढायची. औषधाचा पंप दप्तरात असायचा, पण भीतीवर काही औषध नव्हतं. आत्याने मला त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं, त्याचा अंगठा माझ्या पाठीवर ठेवला आणि शिकवलं. आधी पंप घ्यायचा, मग चार काट्यांवर श्वास आत, सात काट्यांवर बाहेर. सुयशने विचारलं, "आणि काउंट विसरलो तर?" आत्या म्हणाली, "तर नुसता धरून ठेव. हा कुठे पळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर शाळेत गेलो. माझी नोकरी तेवढीच, एका दिवसाची. पण तो दिवस मला अजून टाक्याटाक्याने आठवतो. येताना बस पुलावर अडकली, खिडकीतून धूर आत आला आणि खिशातल्या खिशात मला त्याची छाती वरखाली होताना कळू लागली. त्याने पंप घेतला. मग अंगठा माझ्या पाठीवर आला, थंडगार आणि ओला. पहिल्या वेळी तो सहाव्या काट्यावरच अडला. पाचव्या खेपेला अकरापर्यंत पोचला. बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या दीदी त्याला शाबास म्हणाल्या. मला कुणी काही म्हटलं नाही, पण मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

घरी आलो तेव्हा माझ्या पोटावर डब्यातल्या लोणच्याचं तेल लागलं होतं. सुयशच्या आईने, सुखदाने, मला बघून कपाळावर हात मारला. आत्याने पंधरा दिवस डोळे फोडून केलेली वस्तू, आणि एका दिवसात ही दशा! बाई मनाने वाईट मुळीच नाही. कुणाच्या कष्टांची किंमत तिला कळते, आणि तिथेच सगळं चुकलं. तिने मला हलक्या हाताने धुतलं, सावलीत वाळवलं आणि हॉलमधल्या शोकेसमध्ये, पितळी गणपतीच्या शेजारी बसवलं. काचेच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. रविवारी हात धुऊन दहा मिनिटं खेळायचं, असं ठरलं.

त्यानंतर माझं कौतुक फार झालं. दिवाळीत आलेले पाहुणे काचेला नाक लावून मला बघायचे. नीलाआत्याही आली होती. मला काचेआड बघून ती क्षणभर थबकली, काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात कुणीतरी तिच्या हाताची स्तुती केली. ती हसली आणि राहून गेलं ते राहूनच गेलं.

दिवाळीनंतर हवा बिघडली. शाळा घरून सुरू झाली, मग पुन्हा भरली. त्या सोमवारी सुयश बूट घालून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, आज नेऊ दे ना. प्लीज."

"शाळेत हरवेल रे. रविवारी देते," सुखदा पोळ्या डब्यात भरता भरता म्हणाली.

पुढचं मी हॉलमध्ये झालेल्या बोलण्यातून जोडलं आहे. शाळेत दुपारी धाप लागली, पंपाने भागलं नाही, शाळेतून थेट दवाखान्यात नेलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना तो बापाला एवढंच म्हणाला की माझा ड्रॅगन आण. पुष्कर धावत घरी आला. शोकेसला कुलूप होतं. किल्ली सुखदाच्या पर्समध्ये, सुखदा आत सुयशपाशी, आणि तिचा फोन बाहेर ठेवून घेतलेला. पुष्करने कुलूप हिसडून बघितलं. कोपऱ्यातला जड फ्लॉवरपॉट उचलला. माझी त्याची नजरानजर झाली, निदान मला तसं वाटलं. मग त्याने तो हळूच खाली ठेवला. काच फोडण्याइतकं काही झालेलं नाही, असं त्याला वाटत होतं. तसं वाटून घेण्याचीच त्याला गरज होती. उद्या किल्ली घेऊन येऊ म्हणत तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी किल्ली आली, पण सुयश तोवर उरला नव्हता.

मित्रांनो, मी त्याला वाचवलं असतं असं मी म्हणत नाही. उपचारात काही कमी पडलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते खरंच असणार. मी दोऱ्याचा आहे, मला माझी लायकी ठाऊक आहे. पण तो घाबरला होता आणि त्याचा हात रिकामा होता. ते मात्र माझं काम होतं.

याला आता वर्ष झालं. मी शोकेसमध्येच आहे, शेजारी सुयशचा फोटो. त्याची बहीण मयुरा चार वर्षांची आहे. येत्या एप्रिलपासून तीही शाळेत जाणार. शाळेचं नाव काढलं की ती पलंगाखाली लपते, कारण दादा शाळेत गेला आणि परत आला नाही, एवढंच तिला समजलं आहे. रोज ती काचेसमोर येऊन मला मागते. "नको गं, दादाचं आहे, मळेल," असं म्हणत सुखदा काचेवरचे तिच्या बोटांचे डाग पुसते.

गेल्या रविवारी नीलाआत्याने सुखदाकडे किल्ली मागितली.

सुखदा म्हणाली, "ताई, त्याची एवढी एकच वस्तू जशीच्या तशी राहिली आहे."

"जशीच्या तशी राहिली, कारण आपण ती त्याला दिलीच नाही," आत्या म्हणाली. "तू दिली नाहीस, आणि मी बघून गप्प बसले."

सुखदाने पर्स मांडीवर ओढून घेतली. मग चहा टाकते म्हणून आत गेली. पर्सही घेऊन गेली.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा असं तुम्हाला सगळेच सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण जपण्याच्या नादात वापरायचं राहू देऊ नका. तुमच्या घरात चांगल्या दिवसासाठी काही बंद करून ठेवलं असेल, तर ते आज मागून घ्या. मोठ्या माणसांना हे सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. आत्याने मला तोंड विणलं आहे, पण ते नुसतं शिवणीचं. ते बोलतं असतं तर मी सुखदाला म्हटलं असतं, मयुराला दे मला. मी मळेन, उसवेन, एखाद्या दिवशी हरवेनही. हरवलो तर चालेल, बाई. पण या वेळी मला एखाद्या खिशातून हरवू दे.