दाराबाहेरची अकरा मिनिटं

शिपाई दारात आला तेव्हा पाठाची अकरा मिनिटं उरली होती. फळ्यावरची नदी डोंगरातून निघून अर्ध्या वाटेवर आली होती. मागच्या बाकावर निरीक्षक बाई वही उघडून बसल्या होत्या. सराव पाठ चालू असताना काही झालं तरी थांबायचं नाही, हे शिक्षक व्हायला निघालेल्यांकडून पहिल्याच आठवड्यात घोकून घेतात. त्याने शिपायाकडे न बघताच हात वर केला. थांबा. शिपाई भला माणूस. कुणाचा पाठ बिघडू नये म्हणून तो बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला.

पाठ झकास झाला. घंटा वाजली तसा तो हातावरची खडूची पूड झटकत बाहेर आला.

"काका, दवाखान्यातून फोन होता," शिपाई म्हणाला. "तुमच्या मंडळी दुकानात चक्कर येऊन पडल्यात."

तो पोचला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "त्यांना जाऊन दहा मिनिटं झाली." बायकोबरोबर शिवणाच्या दुकानात काम करणारी मैत्रीण जिन्यात बसली होती. "तुम्ही निघालात का, एवढंच विचारत होती सारखं," ती म्हणाली.

बावीस वर्षं तो कागदाच्या गिरणीत भांडारात होता. गिरणी बंद पडली तेव्हा बायकोच म्हणाली होती, "तासन्‌तास नकाशे बघत बसता, ते पोरांना तरी दाखवा." म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी भूगोलाचा मास्तर व्हायला तो महाविद्यालयात गेला. बरोबरची सगळी बाविशीतली. त्यांनी त्याला काका म्हणून टाकलं आणि पंख्याखालचा बाक त्याच्यासाठी राखून ठेवला.

प्रत्येक पाठ आधी घरी व्हायचा. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बायको मांडीवर शिवण घेऊन बसायची. सगळा वर्ग तीच.

"सर, बाहेर जाऊ?"

"खाली बस."

"सर चिडले, सर चिडले."

"अगं, जरा नीट बस ना. घड्याळ लावलंय मी."

"तुमची खरी पोरं काय नीट बसणारेत?"

त्या दिवशीही सकाळी तो बुटाच्या नाड्या बांधत असताना तिने विचारलं होतं, "अहो, एवढ्या नद्या गोडं पाणी नेऊन ओततात, मग समुद्र खारट कसा?"

"संध्याकाळी सांगतो."

"विसराल."

"नाही विसरत गं."

तीन आठवड्यांनी तो पुन्हा महाविद्यालयात गेला, तेव्हा पाठांची वही तपासून आली होती. विसाव्या पाठाखाली बाईंचा शेरा होता: वर्गनियंत्रण उत्तम. व्यत्यय आला तरी विचलित झाले नाहीत.

वीस पाठ भरले होते. शनिवारी वही जमा केली की परीक्षेला बसता येणार होतं. तो वही घेऊन बाईंच्या खोलीत गेला.

"बाई, हा पाठ रद्द करा."

"अहो, तुमचा वर्षातला सगळ्यात चांगला पाठ आहे हा. एकोणीस पाठांवर परीक्षेला कोण बसू देईल?"

"शिपाई आला होता ना दारात. तो माझ्या बायकोचा निरोप घेऊन उभा होता."

बाईंनी चष्मा काढला. "मला ठाऊक नव्हतं हो."

"मलाही नव्हतं."

बाईंनी लाल पेनाने पानावर तिरकी रेघ मारली. "गुरुवारी पुन्हा द्या. तोच पाठ. पण जमला नाही तर वर्ष जाईल. मग माझ्या हातात काही नाही."

बुधवारी संध्याकाळी तो स्टुलासमोर उभा राहिला. स्टुलावर एक बाही लावायची राहिलेला झगा होता. तो कुणाचा, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने तो उचलला नाही. नदी डोंगरातून काढली, मैदानात आणली. जिथे तिने मध्येच तोंड घातलं असतं तिथे सवयीने थांबला. एरवी पस्तीस मिनिटं पुरायची नाहीत. त्या दिवशी पाठ एकोणीस मिनिटांत संपला. मग बसून त्याने पाठाच्या टाचणातल्या शेवटच्या चौकटीत लिहिलं: समुद्र खारट का? पाच मिनिटं.

गुरुवारी वर्ग भरला. बाई मागे बसल्या. नदी मैदानात आली आणि दारात शिपाई दिसला, हातात कागद. त्याच्या हातातला खडू पडला. तो धावतच बाहेर गेला.

"काय झालं? कुणाला?"

"काही नाही हो काका!" शिपाई घाबरला. "सूचना आहे. उद्या पाण्याची टाकी धुणार, पोरांनी घरून बाटल्या आणायच्या."

तो भिंतीला हात लावून उभा राहिला. आत पोरं खिदळायला लागली होती.

"जा आत," शिपाई हळूच म्हणाला. "बाई बघतायत."

तो आत गेला. त्याने सूचना वाचून दाखवली, खडू उचलला. पोरांना गप्प करण्यात वेळ गेला. नदी समुद्राला मिळाली आणि घंटा वाजली.

बाईंनी तिथेच शेरा लिहून वही हातात दिली. व्यत्ययामुळे पाठ विस्कळीत. शेवटचा मुद्दा राहिला. उत्तीर्ण. त्याने तो दोनदा वाचला आणि वही पिशवीत ठेवली.

शनिवारी वही जमा झाली. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. समुद्र खारट का, ते सांगायचं राहिलं आहे.