भरमूभावजींचं वाढतं माप

एकोणनव्वद साली अनगोळात माझा टायपिंगचा क्लास होता आणि कोपऱ्यात प्रिंटर जोडलेला एक कॉम्प्युटर. तो मी पुस्तक वाचून शिकले; न कळलेलं पान दुसऱ्या दिवशी परत वाचायचं, एवढीच माझी पद्धत. सोमवारी धारवाडहून सरकारी साहेब तपासणीला येणार होते. पत्रं लिहायचा प्रोग्रॅम त्यांच्यासमोर चालला तर क्लासला मान्यता, नाहीतर माझ्या अकरा पोरी खडेबाजारातल्या सत्याप्पा मास्तरांच्या क्लासला जाणार. प्रोग्रॅमला मेमरी लागायची दोनशे छपन्न किलोबाइट. आमच्याकडे होती एकशे अठ्ठावीस.

मशीन उघडलं की आत हिरवा बोर्ड, त्यावर मेमरीच्या चार ओळी, एका ओळीत नऊ काळ्या चिपा. दोन ओळी भरलेल्या, दोन रिकाम्या. म्हणजे अठरा चिपा हव्यात, आणि बेळगावात त्या मिळेनात. माझे धाकटे दीर भरमूभावजी टेलर; कापड आणायला पुण्याला निघालेच होते. जुन्या चिपेच्या पाठीवरचा नंबर मी त्यांना चिठ्ठीवर लिहून दिला.

"ह्योच नंबर आणा भावजी. आमच्या बोर्डाला दुसरा चालत न्हाय, पुस्तकात लिवलंय."

"नंबर घेऊन काय करू वैनी? माप द्या."

गळ्यातली टेप काढून त्यांनी चिप मोजली, पाय मोजले. सोळा. पुठ्ठ्यावर ठेवून आखली, पुठ्ठा कातरला आणि चिठ्ठीत गुंडाळून खिशात घातला.

शनिवारी सकाळी आले. चिपा अशा बसल्या की बघत राहावं. पोरी भोवती उभ्या. पडद्यावर मशीन मेमरी मोजू लागलं, त्याच्याबरोबर पोरीही. चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. तिथं इंग्रजीत एक चूक दाखवून मशीन गप्प झालं.

मी चिपा उलटसुलट बघितल्या. "भावजी, नंबर दुसरा हाय."

"व्हय. तुमचा बी हुता दुकानात. पर दुकानदार म्हणाला, माप त्येच, आत चौपट मावतंय. म्हटलं, मशीन नवं हाय, वाढत्या अंगाचं घ्यावं. पोराची चड्डी आपण आजच्या मापाची शिवतो व्हय?"

"बोर्डाला एवढी मोठी चिप ओळखताच येत न्हाय."

"मग बोर्ड थोडा उसवा की."

मी चिपा काढून परत कागदात गुंडाळू लागले, तेव्हा त्यांना कळलं. रात्रभर बसमध्ये अठरा चिपा मांडीवर धरून आले होते. "परत जाऊन येतो," म्हणाले. पण उद्या रविवार, दुकान बंद.

मग मी नको त्या दारात गेले, सत्याप्पा मास्तरांच्या. भावजी मागोमाग. मास्तरांचा बोर्ड आमच्यापेक्षा नवा, पण त्यात बारक्याच चिपा आहेत, हे त्यांचं उघडलेलं मशीन बघून आलेल्या पोरींकडून कळलं होतं.

"साटंलोटं करूया मास्तर. तुमच्या अठरा बारक्या मला, माझ्या अठरा मोठ्या तुम्हाला. पर आधी बोर्डाचं पुस्तक दाखवा."

"पुस्तक?" मास्तर जरा लाजले. "ते कपाटाच्या पायाखाली हाय. कपाट हालत हुतं."

पुस्तक ओढून काढलं तसं कपाट कललं. भावजींनी ते खांद्यावर तोलून धरलं.

"सावकाश वाचा वैनी," म्हणाले. "घाई केल्यावर काय हुतंय ते बघितलंय म्या."

बाविसाव्या पानावर सापडलं: ह्या बोर्डाला दोन्ही चालतात. पुस्तकाप्रमाणे बोर्डावरची बारकी बटणं खालीवर करून मोठ्या चिपा तिथंच लावून बघितल्या. मास्तरांचं मशीन पाचशे बारापर्यंत गेलं.

"आक्का, माझं तर तुमच्या दुप्पट झालं की. तुमचा फायदा काय?"

"सोमवारी माझं चालंल."

मग बारक्या चिपा मास्तरांनी स्वतः पुसून डबीत घालून दिल्या, वर चहा पाजला. भावजींनी कपाट धरूनच प्यायला.

सोमवारी साहेब आमच्याकडे पोचले तेव्हा पाच वाजले होते. पोरी ओठांत मोजत होत्या. मशीन दोनशे छपन्नवर थांबलं आणि प्रोग्रॅम उघडला.

"काहीतरी टाईप करून दाखवा," साहेब मालूला म्हणाले. ती आमची सगळ्यात भित्री पोरगी.

"काय करू सर?"

साहेबांनी जरा विचार केला, दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात मजकूर सांगू लागले. आई म्हातारी आहे, सबब निपाणीला बदली मिळावी. मालूनं एकही चूक केली नाही. साहेबांनी एक ओळ बदलायला लावली, मग आणखी एक. कागद न खोडता ओळ बदलते हे बघून खुर्ची पुढं ओढली.

"दोन प्रती काढ बाळ," म्हणाले.

दोन्ही घडी घालून खिशात ठेवल्या आणि मग आमच्या मान्यतेवर सही केली.