खुनी माळी नव्हेच

सहा वर्षं चाललेली रहस्यमालिका काल संपली आणि खुनी निघाला बंगल्याचा माळी. सकाळी उमेळ्यातल्या आपल्या फुलांच्या वाडीत मोगरा खुडताना मथुराबाई भडकल्याच होत्या. “माळ्याला खून करायला सवड कुठली?”

शेजारच्या नव्या इमारतीतली संपदा हसली. एकटीला भीती वाटते म्हणून ती दर आठवड्याला त्यांच्याकडेच मालिका बघायची. आता ते येणं संपणार, याची तिला हुरहुर लागली होती.

“मग खुनी कोण, काकू?”

मथुराबाईंनी टोपली खाली ठेवली आणि मालिकेतल्या धाकट्या जावेवरचा संशय पुराव्यांसकट मांडला. संपदा ऐकतच राहिली.

“हे लिहून काढा ना!”

“मला कुठं लिहिता येतं?”

“तुम्ही सांगा, मी लिहिते.”

संध्याकाळी ती दोनशे पानी वही घेऊन आली. मथुराबाईंनी पदर खोचला आणि पहिलं वाक्य सांगितलं.