सात नंबरची बाटली

शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कॉलेजातल्या एकावरही रसायनशास्त्राच्या सरांचा भरवसा नव्हता. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत कुठल्या बाटलीत कुठला धातू, ही यादी त्यांनी कपाटात न ठेवता घरी चष्म्याच्या डबीत ठेवली होती.

सात नंबरच्या बाटलीतलं द्रावण सहाजणांना मिळालं. पाचजणांनी यादीप्रमाणे बरोबर 'शिसं' लिहिलं. सहावीनं लिहिलं 'जस्त'.

"अंदाजपंचे ठोकलंस ना?" सर गुरकावले.

"नाही सर. शिसं असतं तर हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर पांढरा साका बसला असता. बसलाच नाही."

"मला शिकवतेस?" म्हणत सरांनी स्वतःच परीक्षानळी उचलली, आम्ल घातलं आणि हलवून पाहिलं. द्रावण पाण्यासारखं नितळच राहिलं. बाटल्या त्यांनीच भरल्या होत्या, म्हणजे घोळही त्यांचाच.

मग बाकीच्या पाचजणांना शिसं सापडलं कुठे? बाटलीत तर ते नव्हतंच. होतं फक्त यादीत.

सरांनी त्या पाच उत्तरपत्रिका पुन्हा पुढे ओढल्या. सगळ्यात वर त्यांच्या लेकीची होती.