खोलीच्या दारातलं स्टूल

मी एक लोखंडी स्टूल, डहाणूतल्या एका छोट्या इस्पितळात नोकरीला. वेल्डिंगच्या दुकानात जन्मलो आणि तेव्हापासून खाटांशेजारी उभा आहे. बसा म्हटलं की माणसं लगेच बसतात, उठा म्हटलं की कोणाला ऐकू येत नाही. आजाऱ्याला बघायला न जाणं म्हणजे इकडे वैर धरल्यासारखंच. टेम्पो भरून अख्खा पाडा येतो.

२०१५ साली तलासरीकडची जमना भरती झाली. तिला स्तनाचा कॅन्सर होता, मुंबईला केमो चालू होती. डोस घेऊन ती घरी आली, तसे सगळे तिला बघायला जमले. त्यात कोणी खोकत होतं, कोणी शिंकत होतं. आले होते मात्र मायेनेच. थोड्याच दिवसांत ती तापाने फणफणली आणि तिला धाप लागली. रिपोर्टात स्वाइन फ्लू निघाला.

"केमोनं तिची ताकद गेलीय, फ्लू छातीत उतरलाय," डॉक्टर तिच्या नवऱ्याला, काकड्याला म्हणाले. "वर आणखी कसली लागण झाली तर वाचवणं कठीण. भेटायला कोणी नको."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आलाच. पुढे काकड्याची मोठी बहीण रूपी होती. काकड्या जन्मात कोणाला नाही म्हणाला नसेल. त्याने मला उचललं, दारात ठेवलं आणि मास्क लावून माझ्यावर बसला.

"सरक. भावजय हाय ती माझी."

"नाय बाय. आत कोणीच नाय जायचा."

"पाडा काय बोलेल तुला?"

"बोलू दे. ती जगली पायजे."

त्याने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. गडी हलला नाही. रूपी फणकाऱ्याने निघून गेली.

नंतरचे दिवस वाईट गेले. ऑक्सिजन लावूनही जमनाचा श्वास पुरत नव्हता. मग एका दुपारी बंद खिडकीच्या काचेमागे रूपी दिसली, नाकातोंडावर पदर घेतलेली. ती रोज येऊ लागली. बाहेरूनच मोठ्याने शेताच्या, कोंबड्यांच्या गोष्टी सांगायची. जमना पडल्या पडल्या ऐकायची.

एके सकाळी ताप उतरला. ऑक्सिजन निघाला आणि जमना पहिलं काय बोलली, तर "नागलीची भाकर हाय का?" काकड्या माझ्यावर बसून ढसाढसा रडला.

पुढे तिची केमोही पूर्ण झाली. आता माझा एक पाय डुगडुगतो, पण खाटेशेजारची जागा मी सोडलेली नाही. माझी एकच विनंती आहे, नाक वाहत असेल तर माझ्यावर बसू नका.

परवा जमना इथे भरती असलेल्या शेजारणीला बघायला आली होती, सोबत रूपी. रूपीला थोडा खोकला होता. दोघी आत आल्याच नाहीत, खिडकीबाहेर उभं राहून तिच्याशी तासभर बोलल्या. मी आत रिकामाच होतो, आणि तोऱ्यात होतो.