सात मोठे की बारा

घणसोलीला खाडीच्या बाजूला एक खासगी क्रीडा संकुल आहे. क्रिकेटचं एक मैदान, फुटबॉलची दोन, आणि कडेने चालणाऱ्यांसाठी ट्रॅक. तिथलं गवत सोळा वर्षं कान्हा म्हात्रे कापत होता. तो घणसोली गावातलाच. गवत कापायच्या मोठ्या मशीनवर ट्रॅक्टरसारखं बसायचं आणि मैदानाला फेऱ्या मारायच्या, हे त्याचं काम. फेऱ्या मारताना तो कुणाशी बोलत नसे, आणि उतरल्यावरही फारसा बोलत नसे.

अशा मशीनच्या पोटाखाली तीन पाती फिरतात आणि त्यांच्यावर पोलादी झाकण असतं. त्याला डेक म्हणतात. खाडीची खारी हवा आणि आतून चिकटलेलं ओलं गवत यामुळे जुन्या मशीनचा डेक एका जागी कुजला होता. कान्हाने ते ऑफिसला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्या जागी पत्र्याचा तुकडा लावून वरून रंग देण्यात आला. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी पात्याखाली खडीचा दगड आला आणि तो तुकडा फाडून कान्हाच्या नडगीत घुसला. अकरा टाके पडले.

कमिटीची मीटिंग झाली. घटनेची नोंद ‘किरकोळ’ अशी झाली आणि नवीन मशीन घ्यायचं ठरलं. कोणतं घ्यायचं याचा तुलनात्मक तक्ता करायचं काम संघप्रिया गायकवाडकडे आलं. ती संकुलात स्टोअर आणि खरेदी बघायची. आठ वर्षांत तिने असे पुष्कळ तक्ते केले होते, पण ते बहुतेक खुर्च्यांचे आणि फिनाइलचे.

तीन कंपन्यांची माहितीपत्रकं आली. ऑर्विक, बेल्टन आणि सामर्थ्य. तिघांचे फोटो एकाच हिरवळीवर काढल्यासारखे दिसत होते. संघप्रियाने इंजिन, डिझेल, डेक, सर्व्हिस असे रकाने पाडले आणि ती कान्हाला भेटायला मैदानावर गेली. टाके निघाल्यापासून त्याला पाणी मारायच्या कामावर ठेवलं होतं. तो पाइप धरून उभा होता.

“कान्हादादा, नवीन मशीनमध्ये तुम्हाला काय काय पाहिजे? मी लिहून घेते.”

“मी नाय बसनार त्याच्यावर.”

“मग कोण बसणार?”

“कोन पन बसूदे. मी पानी मारीन.”

संघप्रिया तिथेच थांबली. कान्हाने पाइप दुसऱ्या हातात घेतला.

“दगड बाहेर येल का, एवडं इचारा त्यांना.”

तिने तक्त्यात शेवटचा रकाना वाढवला: ‘दगड बाहेर येतो का?’ आणि तिन्ही कंपन्यांना मेल केला. ऑर्विकने ‘लागू नाही’ असं कळवलं. बेल्टनने डेकचा नकाशा पाठवला, त्यात कुठे किती जाडी आहे ते होतं. सामर्थ्यने कळवलं की दगड हा वॉरंटीत येत नाही.

कमिटीचे सचिव हौसेराव जगदाळे निवृत्त मुख्याध्यापक होते. साताऱ्याकडचे, एकाहत्तर वर्षांचे, पस्तीस वर्षं गणित शिकवलेले. त्यांनी तक्ता चष्म्याखालून पाहिला आणि डेकच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“ऑर्विक बारा गेज. बाकीचे दोघं सात गेज. मग यात तुलना कसली? बारा घ्या.”

“सर, गेजचं उलटं असतं. नंबर लहान, तितका पत्रा जाड.”

“कोण म्हणतं?”

“सगळे तसंच म्हणतात, सर.”

“बारा हे सातापेक्षा मोठे असतात,” जगदाळे सर शांतपणे म्हणाले. “हे मी पाचवीला शिकवलंय.”

संघप्रियाने तक्ता उचलला. तिने ‘बघते’ म्हटलं.

ती कोपरखैरण्याला राहायची, वडिलांसोबत. अंकुश गायकवाड जालन्याकडून आले तेव्हा वीस वर्षांचे होते, आणि नंतरची तेहतीस वर्षं त्यांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्रा कापण्यात घालवली. आता घरी असत. एका कानाने कमी ऐकू येई. जेवण झाल्यावर तिने तिन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले.

“बारा म्हणजे अडीच मिलीच्या थोडा वर,” ते म्हणाले. “सात म्हणजे साडेचार.”

“असं उलटं का, पप्पा?”

“आमचा जुना शेठ सांगायचा. आधी तारेचा नंबर होता. तार साच्यातून जितक्या वेळा ओढली, तितका नंबर. जास्त ओढली की बारीक होणार. मग पत्र्यालाही तेच लागू केलं.” त्यांनी ऑर्विकचा फोटो जवळ धरला. “हे प्रेसमध्ये दाबून काढलेलं आहे. एकच पत्रा, जोड नाही. वाईट नाही हे. जोड नसला की पाणी साचत नाही. पण पातळ असतं. ही दोन कापून वेल्डिंग केलेली. जाड असतात, पण वेल्डिंग कसं केलंय ते बघावं लागेल.”

“कागदावरून नाही कळणार?”

“कागदावरून कागदाची जाडी कळते.”

तिन्ही मशीन बुधवारी सकाळी प्रात्यक्षिकासाठी येणार होती. तुम्ही या, असं ती म्हणाली. अंकुश तिच्या ऑफिसात कधी आले नव्हते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशात व्हर्नियर ठेवला. जाडी मोजायचं ते साधन कामावरून घरी आलेलं होतं आणि परत गेलं नव्हतं.

क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला तीन मशीन ओळीने उभी होती. कमिटीचे चारजण खुर्च्यांवर होते. कान्हा लांब, रोलरच्या पलीकडे उभा होता, पाइप नसतानाही पाइप धरल्यासारखा. तिन्ही मशीननी एकेक पट्टा कापला. तिन्ही पट्टे सारखेच दिसले. चहा आला.

सामर्थ्यकडून सुयश नावाचा तरुण इंजिनिअर आला होता. त्याची तयारी चांगली होती. “सात गेज, पूर्ण वेल्डेड,” तो म्हणाला. “तुम्ही स्वतः मोजू शकता.”

अंकुशनी मोजलं. डेकची खालची कड साडेचार मिली भरली. सुयशने कमिटीकडे पाहून मान डोलावली. मग अंकुशनी बोटाच्या पेराने कडेवर टकटक केली, आणि तशीच वर, जिथे चालवणाऱ्याचा पाय येतो तिथे केली. नंतर ऐकू येणारा कान खाली लावून पुन्हा केली.

“हा बोल्ट काढता येईल का?” त्यांनी विचारलं.

“कशाला?”

“भोकातून मोजायचंय.”

सुयशने पाना आणला आणि बोल्ट स्वतः काढला. अंकुशनी व्हर्नियर भोकात घालून वरचा पत्रा मोजला आणि आकडा सुयशला दाखवला. अडीचच्या थोडा वर. कडेला पत्रा आत दुमडून त्यावर पट्टी लावली होती. जाडी फक्त तिथेच होती, मोजणारा जिथे मोजतो तिथे.

सुयशने व्हर्नियर मागून घेतला आणि दुसऱ्या भोकात स्वतः मोजलं. मग तिसऱ्या. कमिटीतले एकजण बिस्किट घेत होते, ते थांबले.

“मला हे माहीत नव्हतं,” सुयश संघप्रियाला म्हणाला. “दीड वर्षं मी सात सांगतोय.”

“आता?” तिने विचारलं.

“आता ऑफिसला विचारावं लागेल.” त्याने बोल्ट परत लावला आणि हात पुसले. प्रात्यक्षिक संपेपर्यंत तो थांबला नाही.

अंकुशनी उरलेल्या दोन्ही मशीनची तपासणी त्याच क्रमाने केली. ऑर्विक सगळीकडे अडीच, कागदावर लिहिलं होतं तसंच. बेल्टन सगळीकडे साडेचार, आणि वेल्डिंग आतल्या बाजूनेही अखंड. मग ते सरळ रोलरकडे गेले. कान्हाशी त्यांची ओळख नव्हती.

“पाय कोणता?” त्यांनी विचारलं.

कान्हाने पँट वर केली. अंकुशनी वाकून पाहिलं आणि स्वतःच्या डाव्या हाताची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत जुना व्रण होता. कान्हाने तो बराच वेळ पाहिला.

“पत्रा?”

“पत्रा. ब्याण्णव साली.”

“मग परत गेलाव कामाला?”

“चार महिने हमाली केली. मशीनकडे पाठ करून उभा राहायचो. मग गेलो.”

“भ्या नाय वाटला?”

“वाटलं की. अजून वाटतं. पण कुठला पत्रा कसा वागतो ते मला कळत होतं, ते नवीन माणसाला कळत नव्हतं. त्याचा हात गेला असता.”

कान्हाने पँट खाली केली आणि तो बेल्टनपाशी गेला. मैदानाला फेरी मारावी तसा त्याच्याभोवती फिरला. मग जमिनीवर आडवा होऊन त्याने डेकच्या आत डोकं घातलं. चारही कमिटी सदस्य त्याचे पाय बघत बसले. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसात गवत होतं.

“यातून नाय येनार,” तो म्हणाला.

जगदाळे सर उठले. त्यांनी अंकुशकडून व्हर्नियर मागितला, ऑर्विकच्या आणि बेल्टनच्या कडा स्वतः मोजल्या, आकडे चिठ्ठीवर लिहिले, आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. दुपारच्या मीटिंगमध्ये त्यांनी इतिवृत्त संघप्रियाला सांगून लिहवून घेतलं: “डेकच्या बाबतीत सात या संख्येस बारापेक्षा मोठे समजण्यात यावे, असे सर्वानुमते ठरले. सदर निर्णय या खरेदीपुरताच मर्यादित राहील.”

तिने लिहिलं आणि सही घेतली.

बेल्टन डिसेंबरात आलं. पहिल्या दिवशी ते चालवायला कान्हाच बसला. आधी कडेच्या ट्रॅकजवळ, जिथे खडी नव्हती, तिथे दोन तास. मग फुटबॉलच्या मैदानावर. आठवड्याभराने तो जिथे दगड लागला होता त्या कोपऱ्यात गेला. तिथे मशीन थांबवून खाली उतरला, चालत जाऊन ओंजळभर खडी वेचली, कुंपणाबाहेर टाकली आणि पुन्हा बसला. संघप्रियाने ते ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी तिने घरी फोन करून सांगितलं. पप्पांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून दोनदा सांगितलं.

जून संपता संपता वेगळीच अडचण आली. इतका जाड डेक असलेलं मशीन जडही होतं. भिजलेल्या मैदानावर त्याची चाकं रुतली आणि फुटबॉलच्या गोलसमोर दोन लांब चर पडले. रविवारच्या सामन्याचे संयोजक ऑफिसात येऊन बसले. हे जड मशीन कुणी पसंत केलं, असं त्यांनी विचारलं. जगदाळे सरांनी इतिवृत्त काढून त्यांना वाचायला दिलं. संयोजकांनी ते दोनदा वाचलं आणि परत दिलं.

कान्हाला बोलावण्यात आलं. तो दारात उभा राहिला.

“दोन दिस ऊन लागूदे,” तो म्हणाला. “मग माती भरतो नि कापतो. तवर कोनी आत जावाचा नाय.”

“आणि रविवारचा सामना?” संयोजकांनी विचारलं.

“पुढच्या रविवारी.”

सामना पुढच्या रविवारी झाला.