माझा करपलेला कोपरा

मी एक जुना, थोडासा करपलेला शब्दकोश आहे. मित्रांनो, नाक जवळ आणलंत तर अजूनही धुराचा वास येईल. घाबरू नका, आग केव्हाच विझली आहे. मराठी शब्द घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात इंग्रजी शब्द द्यायचा, हा माझा धंदा.

माझा जन्म छापखान्यातला. बांधणी करणाऱ्या बाईंनी मला दोऱ्याने शिवलं, पाठीला खळ फासली आणि वजनाखाली दाबून ठेवलं. म्हणून मी आजही ताठ बसतो. पुढे एका शिंप्याने मला विकत घेतलं. त्याला शब्दांचा भारी नाद. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तो माझ्यात 'कंबर' शोधत बसायचा आणि गिऱ्हाईक बिचारं हात वर करून उभं. उरलेल्या अस्तराचं सुंदर कव्हर त्याने मला शिवलं होतं. ते माझे सुखाचे दिवस.

शिंपी देवाघरी गेला आणि माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. कव्हर फाटलं. मी आधी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होतो, मग टेबलावर आलो. बढती मिळाली म्हणून मी खूश. एकदा मी तिथे उघडाच पडलेला असताना शिंप्याच्या बायकोने गॅसवरची तापलेली कढई उतरवली आणि इकडेतिकडे न बघता माझ्यावर टेकवली. 'आ'च्या पानाचा खालचा कोपरा आधी तपकिरी झाला, मग काळा झाला, मग राहिलाच नाही. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मी काय, ओरडणार थोडाच.

या घरची सून एका बेकरीत कामाला होती. भट्टी पेटवायचं काम तिचं. लाकूड ओलं असो की वारा पडलेला असो, तिची भट्टी पेटायचीच. बेकरीतली मंडळी तिला लाडाने 'आगलावी' म्हणायची. पण मालकांचं वय झालं आणि त्यांनी बेकरी बंद केली. आता तिच्यासाठी एकच जागा होती. मोठ्या हॉटेलात नवी लाकडाची भट्टी बांधली होती आणि ती सांभाळायला माणूस हवं होतं. तिथे जमलं नाही तर बिस्किटांच्या कारखान्यात पुडे चिकटवायचे. पोट भरलं असतं, पण तिथे विस्तव दिसत नाही, आणि विस्तवाशिवाय या बाईचा जीव रमत नाही. अडचण एवढीच की हॉटेलचा शेफ परदेशातला. मुलाखत इंग्रजीत.

मग काय, माझे दिवस पालटले. सूनबाईने मला पुसून मांडीवर घेतलं.

"आई, ऐका. भाजणं म्हणजे बेक. पोळणं म्हणजे स्कॉल्ड. केस जरासे जळले तर सिंज. वरून करपलं तर स्कॉर्च. कोळसा झाला तर चार."

"चार?" सासूबाई म्हणाल्या. "मग चार पावांचा कोळसा झाला तर काय म्हणायचं, चार चार?"

"तशी वेळ माझ्या हातून यायची नाही."

"बघू या काय दिवे लावतेस ते."

शेवटी तिला स्वतःच्या हुद्द्याचं नाव हवं होतं. 'आगलावी' माझ्यात नव्हतं, पण 'आ'च्या पानावर अगदी तळाला 'आग लावणारा' होता, आणि त्यापुढे छापलं होतं, आर्सनिस्ट. त्याच्यापुढे बारीक अक्षरात आणखी तीन शब्द होते: 'गुन्हेगार या अर्थी'. ते तीन शब्द कढईने खाल्ले होते.

"डेंटिस्ट, टायपिस्ट, आर्टिस्ट," सूनबाई बोटांवर मोजत म्हणाली. "सगळी शिकलेली माणसं, आई. आणि मी आर्सनिस्ट."

"नाव भारदस्त आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "दारावर पाटी लावू."

मी पानं फडफडवायचा खूप प्रयत्न केला. नेमका पंखा बंद होता.

मुलाखतीला तिने मला पिशवीत घालून नेलं. शेफ चांगला धिप्पाड होता. त्याने विचारलं, "व्हॉट डू यू डू?"

"आय अ‍ॅम आर्सनिस्ट," सूनबाई ठणकावून म्हणाली. "मेनी इयर्स. एव्हरी मॉर्निंग."

शेफ जरा मागे सरकला. "अँड युअर ओनर?"

"व्हेरी हॅपी. ही गिव्ह्ज वुड."

शेफचा हात भिंतीवरच्या लाल नळकांड्याकडे गेला, आग विझवायच्या. काहीतरी करपतंय, हे सूनबाईला लगेच कळलं. तिने घाईघाईने मला बाहेर काढलं, पान उघडलं आणि शब्दावर बोट ठेवलं. शेफने शब्द वाचला. मग त्याची नजर शेजारच्या काळ्या कोपऱ्यावर गेली.

"हू बर्न्ड धिस?"

"मदर-इन-लॉ."

"देन शी इज द आर्सनिस्ट," शेफ म्हणाला, आणि त्याने दोन्ही मनगटं जोडून बेड्या दाखवल्या. तेव्हा कुठे सूनबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने तोंडावर हात ठेवला. आता कारखाना आणि पुडे, असंच तिच्या मनात आलं असणार.

पण शेफ मराठीत म्हणाला, "मी पण. पहिला दिवस, मी सगळ्यांना सांगितला, मी पाव जाळतो."

सूनबाई हसायला लागली आणि शेफही. मग तो तिला भट्टीकडे घेऊन गेला. खाली सालपटं, वर काटक्या, एक लांब फुंकर. जाळ उठला तसा शेफने माझ्याकडे बोट केलं. सूनबाईने 'पे'चं पान काढलं आणि या वेळी ओळ शेवटपर्यंत वाचली.

"लाइट," ती म्हणाली. "आय लाइट द ओव्हन."

"सोमवारपासून लाइट," शेफ म्हणाला.

घरी आल्यावर तिने सगळी हकिकत सांगितली.

"म्हणजे गुन्हेगार मी?" सासूबाईंनी विचारलं.

"कायद्याने तुम्हीच, आई."

सासूबाई उठल्या. शिंप्याची पेटी उघडून त्यांनी अस्तराचा तुकडा शोधला आणि मला नवं कव्हर शिवलं. करपलेल्या कोपऱ्याला कागद चिकटवून त्यावर सुनेकडून, वाचनालयातली माझी दुसरी प्रत बघून, ते तीन शब्द लिहून घेतले.

मित्रांनो, पुस्तकावर गरम भांडं ठेवू नका. जळतो तो कोपरा एवढासाच, पण सावध करणारे शब्द बहुधा कोपऱ्यातच राहतात. आमच्या घरी आता ही काळजी घेतली जाते. कढई उचलली की सासूबाई आधी हाक देतात, "सूनबाई, कोश बाजूला घे गं. आर्सनिस्ट येतेय."